नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मराठीची एक गंमत आहे. बाळाचे आपण नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. फरक फक्त एका मात्रेचा. दुसरे काम आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंतच्या अंतरात ते पुरे होते. पहिले काम मात्र देवाने माणसाला मुद्दाम नेमून दिले आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव बागेची मशागत आणि राखण आदामावर सोपवतो आणि मग रानातली जनावरे व आकाशातली पाखरे त्याच्यापुढे आणतो. हा त्यांना काय म्हणतो ते देवाला पाहायचे असते. ज्याने सर्व काही निर्माण केले, तो नाव देण्याचा मान स्वतःकडे ठेवत नाही, मातीच्या माणसाला देतो.

हा भाग आपण लग्नाच्या मिस्सेत कितीदा तरी ऐकला आहे, पण नवरानवरीच्या गडबडीत एक गोष्ट निसटते. जनावरे आली, पाखरे आली. मासे आले नाहीत. समुद्रातला एकही जीव आदामापुढे उभा राहिल्याचे त्या अध्यायात लिहिलेले नाही. पंडितांनी याचा अर्थ काय लावायचा तो लावावा. आम्हाला एवढेच दिसते की समुद्राची हजेरी घ्यायची राहून गेली आणि ती अजून चालू आहे.

ती हजेरी घेणारी माणसे आपल्या शेजारीच बसतात. अंधेरी पश्चिमेला चार बंगला भागात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण त्या बाजूने रोज बसने जातात. संस्थेचे मुख्य ठिकाण गोव्यात दोना पावला येथे, स्थापना १ जानेवारी १९६६ची. अशा संस्थांमध्ये काही माणसे दिवसच्या दिवस बशीतल्या चिमूटभर चिखलाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत असतात. त्यांना त्यात काय सापडते? बहुतेक वेळा किडे.

किडा म्हटले की नाक मुरडू नये. गांडूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचेच हे समुद्रातले भाऊबंद. शरीर कड्याकड्यांचे, आणि कड्यांच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. म्हणून शास्त्रात त्यांना पॉलिकीट म्हणतात, म्हणजे पुष्कळ केसांचे. मढ, वेसावे, गोराई, मनोरीच्या आपल्या कोळी बांधवांना हे नवीन नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलात ते सापडतात. कोलंबी आणि मासे त्यांच्यावर जगतात, आणि त्या कोलंबीवर आपण जगतो. समुद्राच्या तळाचा गाळ वरखाली करणे, सडलेले खाऊन टाकणे ही सफाईची कामे त्यांची.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते खाडीतल्या किड्यांविषयी नव्हे, फार खोल पाण्यातल्या किड्यांविषयी. आपल्यातले जे लोक बॉम्बे हायवर नोकरी करून आले आहेत त्यांना विचारा. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत जाऊनही तिथे पाणी साधारण ७५ मीटरच खोल आहे, म्हणजे वीस-पंचवीस मजल्यांची इमारत त्यात उभी राहील. खऱ्या महासागराचा तळ चार-पाच हजार मीटर खाली असतो. उजेड नाही, पाणी बर्फासारखे गार, आणि डोक्यावर आपल्या हवेच्या पाचशेपट दाब. स्तोत्रकर्त्याने देवाला म्हटले होते की मी अगदी खोलात जाऊन अंथरूण घातले तरी तू तिथे असशील. त्या खोलात देव तर आहेच, आणि त्याने तिथे वस्तीही केली आहे.

ती वस्ती कशी आहे हे माणसाला फार उशिरा कळले. १९७७ साली प्रशांत महासागरात गालापागोस बेटांजवळ अडीच हजार मीटर खाली पाणबुडीतून शास्त्रज्ञ उतरले, ते तळाच्या भेगांतून येणारे गरम पाणी पाहायला. त्यांना तिथे लाल तुऱ्यांचे, पांढऱ्या नळीत राहणारे किडे दिसले, माणसाच्या उंचीचे. त्यांना ना तोंड, ना आतडे. १९८१ साली त्यांचे नाव ठेवले गेले, रिफ्टिया. त्यांच्या पोटात राहणारे जिवाणू भेगांतल्या गंधकाच्या वायूतून अन्न तयार करतात आणि किडा त्यावर वाढतो. सर्व अन्नाचे मूळ सूर्यप्रकाशात आहे असे शाळेत शिकलेल्यांना हा मोठाच धक्का होता. २००२ साली कॅलिफोर्नियाजवळ सुमारे २,९०० मीटर खोलीवर एका मेलेल्या देवमाशाचा सांगाडा सापडला. त्याच्या हाडांवर गुलाबी-लाल केसाळ गालिचा पसरल्यासारखे दिसत होते. तेही किडेच होते. यांनाही तोंड नव्हते. हाडात मुळे रोवून ते आतली चरबी शोषत होते. २००४ साली त्यांना ओसेडॅक्स हे नाव मिळाले, म्हणजे हाडे खाणारा. योनाला गिळणाऱ्या त्या माशाचे पुढे काय झाले हे देवशब्द सांगत नाही, पण असा एखादा मासा मरून तळाला गेला तर त्याची शेवटची व्यवस्था कोण पाहते ते आता ठाऊक झाले आहे.

ही झाली नवलाची उदाहरणे. बहुतेक नवे किडे दिसायला असे काही नसतात. तांदळाच्या दाण्याएवढा, मळकट रंगाचा, तुटका. त्याचे नाव ठेवणे हे काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्यात आम्हाला एक प्रकारची भक्ती दिसते.

जहाजावरून लोखंडी पेटी तारेने खाली सोडतात. ती तळाला पोचून परत वर यायलाच काही तास लागतात. पेटीत गाळ भरून येतो. तो गाळ बारीक चाळणीत पाण्याने धुतात, हलक्या हाताने, कारण या जिवांना हाडे नसतात. उरलेले मद्यार्कात ठेवतात. मग किनाऱ्यावर, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, कोणीतरी ती बाटली उघडते. कडी मोजते. कोणत्या कड्यावर किती केस, केसांची टोके सरळ की दातेरी, डोक्यावर मिश्या किती, डोळे आहेत की नाहीत, कल्ले कुठे सुरू होतात, हे सर्व पाहून हाताने चित्र काढते. आता जनुकांची तपासणीही होते. एवढे झाल्यावर शे-दीडशे वर्षांत जगभर जे जे लिहिले गेले, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, ते काढून पाहायचे, की हा आधी कोणाला सापडला होता का. नसेल सापडला, तरच नवे नाव. ते छापून प्रसिद्ध करायचे. ज्या किड्यावरून नाव दिले तो एक किडा संग्रहालयात क्रमांक घालून कायमचा जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर त्याच किड्याकडे परत जाता येईल.

आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण झाली ना? तारीख, नाव, आईबाप, साक्षीदार. पन्नास वर्षांनी कोणी दाखल्यासाठी येते तेव्हा त्याच पानाकडे परत जावे लागते.

सर्व प्रकारच्या जिवांचा हिशेब घेऊन काही शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले की नवा जीव सापडल्यापासून त्याचे नाव प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. एकवीस वर्षे तो बाटलीत, फळीवर, बेनाव. कारण साधे आहे. पाहणारी माणसे थोडी, आणि या कामात पैसा नाही, टाळ्या तर नाहीतच.

आपल्या हिंदी महासागराच्या किड्यांची आजही हाताशी लागणारी मोठी सूची एका फ्रेंच प्राध्यापकाने लिहिली आहे. पिएर फोव्हेल त्यांचे नाव, जन्म १८६६चा. ते फ्रान्समधील आँजे येथील कॅथलिक विद्यापीठात शिकवत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले किडे त्यांनी तपासले आणि १९५३ साली, ऐंशी ओलांडल्यानंतर, भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश आणि मलायाच्या पॉलिकीटांवरचा त्यांचा ग्रंथ अलाहाबादेत छापला गेला. कॅथलिक माणसाला विज्ञानाचे वावडे असते असे ज्यांना वाटते त्यांना हे जरूर सांगा. (आपल्या मुंबईतही धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला वनस्पतिसंग्रह फादर ब्लॅटर या येशूसंघीय धर्मगुरूंच्या नावाने आहे. पण ती गोष्ट पुन्हा कधी.)

फोव्हेल यांच्या कामाला एक पुरवणी जोडावी लागली आहे, आणि ती आपल्या उपयोगाची आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आपल्याकडचे पुष्कळ किडे युरोपातल्या किड्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना युरोपातलीच नावे दिली गेली होती. पुढच्या पिढीने नीट पाहिले तेव्हा त्यांतले बरेच जीव वेगळेच निघाले. म्हणजे त्यांना नाव होते, पण ते त्यांचे नव्हते. दुसऱ्याचे नाव त्यांच्या गळ्यात अडकवलेले होते.

आता आपल्या इमारतीकडे वळू. पाचव्या मजल्यावरचे मद्रासी. तळमजल्याचा भय्या. अमक्याची घटस्फोटित बहीण. चर्चचे आवार झाडणारी बाई. ही नावे आहेत का? दिसायला अशांसारखा आहे, म्हणून त्या खणात टाकला, आणि झाकण लावले. कित्येक वर्षे ज्या माणसाच्या हातचे दूध आपण घेतो, त्याच्या केसांची टोके सरळ की दातेरी हे राहू द्या, त्याचे नाव तरी आपण विचारले आहे का? बाप्तिस्म्याचा विधी सुरू होतो तो आईबापांना विचारलेल्या प्रश्नाने, की या बाळाला तुम्ही कोणते नाव देता. ख्रिस्तसभा आधी नाव विचारते, पाणी नंतर ओतते. तो क्रम सहज ठरलेला नाही.

कोणी म्हणेल, फादर, माणसांचे ठीक आहे, पण देवाला एवढे किडे हवेत कशाला? प्रश्न चांगला आहे आणि जुना आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. देवाचे चांगुलपण एवढे आहे की कोणत्याही एका जिवात ते मावत नाही. म्हणून त्याने पुष्कळ आणि परोपरीचे जीव केले, की एकात जे उणे राहिले ते दुसऱ्याने दाखवावे. हे मनावर घेतले तर एक कठीण गोष्ट मान्य करावी लागते. त्या तोंड नसलेल्या किड्यात देवाविषयी असे काही आहे, जे तुमच्या-आमच्यात नाही. हेच संत थॉमस १२७३ साली नेपल्समध्ये साध्या लोकांपुढे श्रद्धेच्या अंगीकारावर प्रवचने देत होते. आपली बुद्धी इतकी तोकडी आहे की कोणा तत्त्वज्ञालाही एका माशीचा स्वभाव पुरता कळलेला नाही, असे त्यांनी त्या लोकांना सांगितले. एवढ्या मोठ्या विद्वानाने माशीपुढे हात टेकले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्या आम्हा लोकांना हे वाक्य पदवीबरोबर बांधून द्यायला हवे.

देवशब्दात किड्याची जागा खालची आहे, पण ती जागा कोणी घेतली ते पाहा. प्रभू येशूने क्रुसावर जे स्तोत्र तोंडी घेतले, त्यात थोडे पुढे बोलणारा स्वतःला माणूस नव्हे, किडा म्हणतो. संत ऑगस्टीन यांनी ते बोल ख्रिस्ताचेच मानून त्यांचा अर्थ लावला. आणि योनाचे पुस्तक उघडा, चारच अध्याय आहेत. त्यात देव माशाला नेमतो, वेलीला नेमतो, आणि मग पहाटे एका किड्याला नेमतो, ती वेल कुरतडायला. मूळ हिब्रूत तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. मासा आज्ञा पाळतो, वेल पाळते, किडा पाळतो. न पाळणारा एकच, आणि तो संदेष्टा असतो.

हे सर्व आताच सांगण्याचे कारण आहे. समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. आपल्या गवेषणी जहाजाने १९८१ साली असे गोळे पहिल्यांदा वर आणले. १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात त्यांच्या शोधासाठी क्षेत्र मिळाले. आज ते ७५,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ एक चतुर्थांश. २०२१ साली चेन्नईच्या संस्थेने तळावर चालणारे यंत्र तिथे ५,२७० मीटर खोलीवर उतरवून पाहिले. याचा देश म्हणून अभिमान वाटणे साहजिक आहे, आम्हालाही वाटतो. आपल्या खिशातल्या मोबाइलची बॅटरी अशाच धातूंवर चालते, तेव्हा खाणवाल्यांना शिव्या देऊन मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु त्या गोळ्यांच्या आजूबाजूच्या गाळात हेच किडे राहतात. प्रशांत महासागरात मेक्सिको आणि हवाई यांच्यामध्ये अशा गोळ्यांचा सर्वांत मोठा पट्टा आहे. २०२३ साली तिथल्या जिवांची मोजदाद प्रसिद्ध झाली. ५,५७८ प्रकार निघाले, आणि दहातल्या नवांना नाव नव्हते. पेरूजवळ १९८९ साली संशोधकांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. २६ वर्षांनी, २०१५ साली, ते परत गेले, तर नांगराच्या रेघा काल ओढल्यासारख्या होत्या. आपल्या गोव्याच्या संस्थेने हे प्रश्न उशिरा विचारले असे मात्र नाही. १९९७ सालीच त्यांनी मध्य हिंदी महासागराच्या तळाचा एक पट्टा ढवळून, आधी आणि नंतर तिथले जीव मोजले. डॉ. बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गणती केली. ढवळल्यावर जीव लगेच घटले होते. खाण काढण्याआधी मोजणी करणारी ही माणसे आपल्याकडे आहेत ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांचे म्हणणे शेवटी कोण ऐकणार, हा प्रश्न आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या पत्रात लिहिले आहे की आपल्यामुळे दरवर्षी हजारो जाती नाहीशा होतात, त्या आपल्या मुलांना कधी पाहायला मिळणार नाहीत, आणि त्यांच्या असण्याने देवाचा जो गौरव व्हायचा तो आता होणार नाही. खोल समुद्राच्या बाबतीत गोष्ट त्याहून वाईट होऊ शकते. तिथला जीव मेला तर रडायलाही कोणी नसेल, कारण तो होता हेच कोणाला ठाऊक नसेल. नाव नसलेल्याचा मृत्युदाखला निघत नाही. आमचे स्वतःचे मत स्पष्ट आहे. खणायचे की नाही हे सरकार आणि जाणकार ठरवतील. पण नाव ठेवून होण्याआधी खणू नये. आदामाला दिलेल्या कामाचा क्रम तोच होता. आधी राखण, मग नाव. उपटून टाकण्याचा अधिकार त्या अध्यायात कुठेच दिलेला नाही.

आपल्या मुलांपैकी कोणाला बारावीनंतर प्राणिशास्त्र घ्यायचे असेल तर आईबापांनी "त्यात स्कोप नाही" म्हणून लगेच मोडता घालू नये, ही विनंती. इंजिनिअर आपल्या धर्मग्रामात भरपूर आहेत.

या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये एक प्रार्थना समुद्रावर संशोधनासाठी गेलेल्या लोकांसाठी असेल. ही माणसे कित्येक आठवडे घरापासून दूर असतात आणि रविवारची मिस्सा त्यांना मिळत नाही. तसेच पुढच्या रविवारपासून चार आठवडे सभागृहाच्या दाराशी युवा संघ एक खोके ठेवणार आहे. घरात कपाटात पडून असलेले बंद मोबाइल, चार्जर आणि बॅटऱ्या त्यात टाकाव्यात. ते परवानाधारक केंद्राकडे पाठवले जातील, म्हणजे त्यांतले कोबाल्ट आणि तांबे पुन्हा वापरात येईल, आणि पावती सूचनाफलकावर लावली जाईल. फुगलेली बॅटरी खोक्यात टाकू नका, ती वेगळी युवा संघाच्या हातात द्या. टाकण्यापूर्वी फोनमधले फोटो काढून घ्यावेत. खोक्याजवळ जो मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल, तिला तिचे नाव विचारा.